जळते बेट आणि जाणारी माणसे

ठाणे हे बेटावर वसलेले गाव आहे, ही गोष्ट खुद्द ठाणेकरांच्याही आता ध्यानात राहिलेली नाही. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने निघालेला चाकरमान्या कळवा सोडून खाडीवरचा पूल ओलांडतो, तेव्हा तो मुख्य भूमी मागे टाकून साष्टीच्या बेटात शिरतो. त्याला याची जाणीव असण्याचे कारण नाही. दोन पाय टेकायला जागा मिळाली की नाही, एवढीच त्याची त्या घटकेची विवंचना असते. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र असे हे बेट. सहासष्ट गावांची म्हणून ती साष्टी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. पूल झाले, भराव पडले, इमारती उठल्या, आणि बेटाचे बेटपण पुसून गेले. परंतु इतिहासात या चिंचोळ्या पाण्याला फार मोल होते. ते ओलांडावे की न ओलांडावे, या एका प्रश्नापाशी राज्ये थबकली आहेत.

१७३७ च्या मार्च महिन्यात मराठ्यांची फौज या पाण्याच्या काठी आली. पलीकडे ठाण्याचा किल्ला होता. पोर्तुगीजांनी तो बांधावयास घेतला होता, पण बांधकाम पुरे व्हावयाचे होते. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी साष्टी सोडविण्यासाठी पेशव्यांच्या दरबारी वर्षानुवर्षे खेटे घातले होते. खाडीचा उतार कोठे आहे, ओहोटी केव्हा लागते, पलीकडे कोण आपला आणि कोण परका, याची माहिती पुण्याच्या वाड्यात नव्हती. ती या खाडीकाठच्या माणसांपाशी होती. चिमाजीअप्पांनी निर्णय घेतला आणि ठाणे पडले. मात्र ज्या मोहिमेची सुरुवात अशी चटकन झाली, तिची अखेर वसईस मे १७३९ मध्ये झाली, आणि तोवर हजारो माणसे कामी आली होती. बेटात शिरणे एका रात्रीचे काम असते. त्याची किंमत पुढे किती दिवस चुकवावी लागेल, हे काठावर उभे असताना कुणालाच सांगता येत नाही.

हा जुना प्रसंग आज आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. डोंबिवलीत आम्हा निवृत्त मंडळींचे एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून दोनदा जमायचे, पुस्तकावर बोलायचे, चहा घ्यायचा आणि वर्षातून एकदा कुठेतरी लांबचा प्रवास करायचा, असा आमचा परिपाठ आहे. यंदा अंदमान ठरले. ठरले तेव्हा कुणाच्याही मनात सेल्युलर जेलखेरीज दुसरे काही नव्हते. पण पोर्ट ब्लेअरपासून बोटीने गेल्यास बॅरन बेटाचा ज्वालामुखी लांबून पाहता येतो, अशी माहिती आमच्यातील एका उत्साही गृहस्थांनी आणली, आणि त्याच बैठकीत दुसऱ्या एकांनी सांगितले की २०२५ च्या सप्टेंबरात तो ज्वालामुखी पुन्हा धुमसला आहे. झाले! मंडळाचे दोन तट पडले. एक म्हणे, आता अंदमानच नको. दुसरा म्हणे, आता तर गेलेच पाहिजे. थंड पडलेला डोंगर पाहायला इतक्या दूर कशाला जायचे, तो तर आपल्या दाराशी आहे. इतिहास शिकविण्यात माझी हयात गेली असल्यामुळे मंडळींनी हा गुंता माझ्या गळ्यात घातला. "सर, तुम्ही जरा जुने दाखले पाहा आणि काय ते सांगा," असे ठरले. प्रस्तुत लेख हा त्या पाहण्याचाच विस्तार आहे.

थंड पडलेला डोंगर दाराशी आहे, हे त्या सद्गृहस्थांचे बोलणे विनोदाचे असले तरी खोटे नव्हते. कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये पारसिकच्या डोंगरातून जो बोगदा १९१६ मध्ये खुला झाला, तो सारा लाव्ह्याच्या थिजलेल्या थरांतून कोरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून जो रस वाहिला, त्याचे थरावर थर साचून सह्याद्री, मलंगगड, माहुली हे सगळे उभे राहिले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या दगडाखाली आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत पाय सोडून बसणारा यात्रेकरू मनाशी म्हणतो की खाली अजून निखारा आहे. तसे मात्र नाही. पावसाचे पाणी भेगांतून फार खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते, एवढाच तो प्रकार आहे. आमच्याकडचा निखारा केव्हाच विझला. आपण राखेवर संसार थाटला आहे आणि म्हणूनच जळत्या डोंगराचे आपल्याला कौतुक वाटते.

बॅरन बेटाची गोष्ट निराळी. भारताच्या हद्दीतील हा एकमेव जागता ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमच्या, ईशान्येस सुमारे १३५ ते १४० किलोमीटरवर, सुमारे ३ किलोमीटर व्यासाचे हे बेट आहे. पाण्याच्या वर त्याची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास भरते. पण समुद्राच्या तळापासून मोजू लागले तर तो दोन हजार मीटरांहून उंच पर्वत आहे आणि आपल्याला दिसतो तो त्याचा केवळ माथा. नावाप्रमाणेच ओसाड असलेल्या या बेटावर मनुष्यवस्ती नाही. १८९१ मध्ये पोर्ट ब्लेअरहून गेलेल्या एका आगबोटीने तेथे काही बकऱ्या सोडल्या, आणि त्यांचा वंश पुढे तेथे टिकून राहिला. जळत्या बेटावर जावे की नाही, हे त्या बकऱ्यांना कुणी विचारले नव्हते. या मुद्द्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

या बेटावर उद्रेक चालू असताना जाण्याचा निर्णय घेतल्याची जी जुनी नोंद आहे, तिचा नायक मुंबईचा आहे. मुंबईचा म्हणजे तेथील नोकरीतला. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईस जे आरमार होते, त्यास बॉम्बे मरीन म्हणत. त्यातला लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याला गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने अंदमानची पाहणी करण्यास पाठविले. १७८९ च्या मार्चमध्ये तो बॅरन बेटाशी पोचला, तेव्हा डोंगर भर उद्रेकात होता. धुराचे प्रचंड लोट उठत होते आणि लाल तापलेले दगड वर्षत होते. त्याने लिहून ठेवले आहे की त्यांतले काही दगड तीनचार टन वजनाचे असावेत आणि ते शंकूच्या पायथ्यापलीकडे काही शे यार्डांवर जाऊन पडले होते. असे असूनही तो जवळ गेला आणि त्याने शंकूच्या उताराचा कोनसुद्धा मोजला. कोलब्रुक याने ही हकीकत पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली, म्हणून ती आपल्याला उपलब्ध आहे.

ब्लेअर गेला तो हौसेने गेला असे म्हणता येणार नाही. किनारे, खोली, बंदरे आणि धोके टिपून आणणे हेच त्याचे काम होते, आणि ज्वालामुखी हा त्या धोक्यांपैकी एक होता. जे पाहावयाचे ते त्याने पाहिले आणि तो सुखरूप परतला. पण त्याच्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. त्याच वर्षी त्याने चॅथम बेटावर वसाहत घातली. बंदर सुरक्षित, पाणी शांत, गलबतांना आसरा उत्तम. १७९२ मध्ये ती वसाहत तेथून हलवून उत्तर अंदमानात नेण्यात आली, आणि तेथे रोगराईने माणसे इतकी मेली की १७९६ मध्ये सगळा उद्योगच गुंडाळावा लागला. आगीचे दगड उडविणाऱ्या डोंगराने ब्लेअरच्या माणसांना काही केले नाही. शांत बंदराकाठच्या हवापाण्याने मात्र वसाहत मोडली. डोळ्यांना दिसणारा धोका आणि जिवावर उठणारा धोका नेहमी एकच असतो असे नाही, हा पहिला धडा मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवला.

आता ठाण्याकडे परत येऊ. ज्या किल्ल्यासाठी १७३७ मध्ये खाडी ओलांडली गेली, तो १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच तुरुंगात फाशी दिले गेले. आणि १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना काळ्या पाण्यावर नेण्यात आले तेही याच ठाण्याच्या तुरुंगातून. ठाण्याहून आगगाडीने मद्रास, तेथून 'महाराजा' या आगबोटीने अंदमान, आणि ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअर. मद्रासची वाट कल्याणहून दक्षिणेस वळते. आज जेथे आपण कर्जत लोकलची वाट पाहतो, तेथून पन्नास वर्षांची शिक्षा झालेला एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण बेड्यांसह गेला. त्यांचे वडील बंधू बाबाराव आधीच त्या बेटावर होते.

या प्रवासाला प्रवास म्हणताना लेखणी अडखळते. बेटावर जावे की न जावे हा प्रश्न ज्याच्यापुढे येतो, तो मनुष्य स्वतंत्र असतो. १० मार्च १८५८ रोजी दोनशे बंदी घेऊन पहिले जहाज पोर्ट ब्लेअरला लागले, त्या दिवसापासून पुढे कैक वर्षे हजारो माणसे त्या बेटांवर गेली. त्यांतल्या बहुतेकांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. आणि इतिहासाची थट्टा अशी की या साऱ्या काळात बॅरनचा डोंगर जवळजवळ झोपलेला होता. १८५२ च्या सुमारास तो शांत झाला, आणि पुन्हा जागा झाला तो १९९१ मध्ये. सेल्युलर जेल बांधली गेली, भरली, रिकामी झाली, तिचे राष्ट्रीय स्मारक झाले. तोपर्यंत डोंगराने डोळा उघडला नाही. बेटांवर जे जळत होते ते माणसांनी पेटविलेले होते.

हौसेने जळत्या बेटावर जाणाऱ्यांची गोष्ट पाहावयाची तर थोडे पूर्वेकडे, जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत जावे लागते. क्राकाटोआचा डोंगर २० मे १८८३ रोजी जागा झाला. बटाव्हियातील लोकांना त्याची एवढी जिज्ञासा वाटली की एका आठवड्यात सहलीची आगबोट निघाली. तिचे नाव 'गव्हर्नर जनरल लाउडन'. ऐंशीहून अधिक उतारू तिकीट काढून गेले. २७ मे रोजी त्यांतले कित्येक जण बेटावर उतरले, राखेत घोटाघोटा पाय रुतवीत वर चढले आणि विवराच्या कडेवरून आत डोकावून आले. शूरमान नावाच्या खाणअभियंत्याने त्याचे वर्णन लिहिले. छायाचित्रही घेतले गेले. सगळे सुखरूप घरी परतले. पुढे डोंगर कधी गुरगुरे, कधी गप्प बसे, आणि लोकांना त्याची सवय झाली.

२७ ऑगस्टच्या सकाळी तो डोंगर फुटला. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली फार थोडी ज्वालामुखी पाहावयास गेलेली होती. क्राकाटोआवर वस्ती नव्हतीच. मेली ती जावा-सुमात्रेच्या किनाऱ्यांवरची. आपापल्या घरी, आपापल्या कामावर असलेली माणसे. लाटांनी त्यांना नेले. समुद्राची ती खळबळ मुंबई-कराचीच्या बंदरांतील भरतीमापक यंत्रांवरसुद्धा उमटली. आणि 'लाउडन'? तीच आगबोट त्या दिवशी सुमात्रेच्या तेलोक बेटोंगच्या उपसागरात होती. तिचा कप्तान लिंडमान याने नाळ सरळ लाटेकडे वळविली, बोट लाटेवर चढली आणि पलीकडे उतरली. त्याच बंदरातली एक लढाऊ बोट पाण्याने उचलून कोसभर आत जंगलात नेऊन टाकली. मे महिन्यातील सहल आणि ऑगस्टमधील तो दिवस यांत तीनच महिन्यांचे अंतर आहे. मे महिन्यात गेलेले शूर आणि ऑगस्टमध्ये मेलेले बेसावध, असा हिशेब कुणी मांडू लागला तर तो अन्यायाचा होईल. सहलीला गेलेल्यांचे दैव चांगले, एवढेच म्हणता येते. डोंगर काल गप्प होता म्हणून आज गप्प राहील, हे अनुमान मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच पोकळ होते.

दुसरी कथा वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटाची. १९०२ च्या एप्रिलपासून मों पेले हा डोंगर सेंट पिएर शहरावर राख टाकीत होता. लोक बाहेर पडण्याऐवजी आसपासच्या खेड्यांतून शहरात येत होते. शहर म्हणजे सुरक्षित, अशी समजूत. निवडणूक तोंडावर आली होती. समितीने निर्वाळा दिला की शहराला भय नाही. गव्हर्नर मूते पत्नीसह शहरात येऊन राहिला. बंदरात 'ओर्सोलिना' नावाचे इटालियन गलबत माल भरीत होते. त्याचा कप्तान नेपल्सकडचा. व्हेसुव्हिअस पाहत वाढलेल्या त्या माणसाने डोंगराकडे पाहिले आणि अर्धवट माल घेऊन, बंदराच्या अधिकाऱ्यांचा विरोध न जुमानता, नांगर उचलला, असे सांगतात. ८ मे रोजी सकाळी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट डोंगरावरून खाली आला, आणि काही मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजारांचे शहर नाहीसे झाले. गव्हर्नरही त्यात गेला.

गव्हर्नराला मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसा लोट मोठ्या शहरावर उतरलेला त्या काळच्या शास्त्रज्ञांनीही पाहिलेला नव्हता. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शहरात हजारो माणसे थांबली, ती प्रत्येकाने वेगळा विचार करून थांबली नाहीत. शेजारी थांबला म्हणून आपण थांबलो, गव्हर्नर आला म्हणून धीर आला, असे ते थांबणे होते. कप्तानाला शेजारी नव्हता. त्याला फक्त डोंगर दिसत होता.

तिसरा दाखला अगदी अलीकडचा. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर रोज सहली जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तेथील धोक्याचा दर्जा एका पायरीने वर नेला. सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबरच्या दुपारी उद्रेक झाला, तेव्हा बेटावर सत्तेचाळीस माणसे होती. त्यांतली बावीस दगावली. जी वाचली, त्यांतल्या काहींना खाजगी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून उचलून आणले.

हा दाखला मी मंडळात वाचून दाखविला तेव्हा निवृत्त परिचारिका असलेल्या आमच्या एक ताई, ज्या एरवी फारशा बोलत नाहीत, म्हणाल्या, "सर, जाणाऱ्याला हौस असते. पण शोधायला जाणाऱ्याचे काय? त्याला कुणी विचारून का नेतात?" बैठकीत थोडा वेळ कुणी बोलेना. मला त्यांच्या बोलण्यात काळ्या पाण्याच्या बोटीचा प्रतिध्वनी ऐकू आला. आपला निर्णय हा क्वचितच एकट्याचा असतो. जो स्वखुशीने जातो, तो न विचारता आणखी कुणालातरी बरोबर नेत असतो. त्यात घरी वाट पाहणारे असतात, बोटीवरचे खलाशी असतात, आणि वेळ आलीच तर पाण्यात उडी टाकणारे असतात.

तरीही जाऊच नये, असा निष्कर्ष काढण्यास मी तयार नव्हतो, आणि त्याचे कारणही इतिहासातच मिळाले, तेही गोव्याकडून. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालील तुकडी 'सिंधू संकल्प' या जहाजावरून २३ जानेवारी २०१७ रोजी बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने गोळा करीत होती. डोंगर अचानक राख ओकू लागला. त्यांनी काय केले? ते पळून गेले नाहीत आणि जवळही गेले नाहीत. जहाज सुमारे एक मैलावर नेऊन त्यांनी पाहणी सुरू केली. पाचदहा मिनिटांचे उद्रेक होत होते. दिवसा नुसते राखेचे ढग दिसत. सूर्य मावळल्यावर कळले की विवरातून लाल रसाची कारंजी उडत आहेत. तीन दिवसांनी त्याच संस्थेची दुसरी तुकडी पुन्हा तेथे गेली.

मला हा मैलभराचा निर्णय फार मोलाचा वाटतो. ब्लेअर आणि मुधोळकर यांच्यामध्ये दोनशे अठ्ठावीस वर्षे आहेत. ब्लेअरपाशी डोळे होते, कोनमापक होता आणि हुकूम होता. मुधोळकरांपाशी त्या दोनशे वर्षांत जमलेली माहिती होती, आणि तिचे सार एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द अंतर हा आहे. जावे की न जावे, असे दोनच पर्याय मांडून आपण भांडत बसतो. प्रश्न पुष्कळदा निराळाच असतो: किती जवळ जावे, किती वेळ थांबावे, आणि परतीची वाट मोकळी आहे ना?

त्याचबरोबर ब्लेअरचा पहिला धडाही विसरून चालणार नव्हते. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमान-निकोबारवर जो प्रलय आला, तो बॅरनच्या विवरातून आला नव्हता. समुद्राच्या तळाशी कवच सरकले आणि लाटा उठल्या. त्या दिवशी तेथे कुणी ज्वालामुखीला भ्यायले असते तर ते चुकीच्या दिशेने पाहत राहिले असते. ज्यांना ज्वालामुखीच्या भयाने सबंध अंदमानच नको झाले होते, त्यांना मी हे सांगितले. पोर्ट ब्लेअरच्या रस्त्यावर बॅरनच्या दगडाने कुणाचे डोके फुटावयाचे नाही. मध्ये सव्वाशे किलोमीटरांहून अधिक समुद्र आहे. भ्यावयाचेच तर भूकंपाला, लाटेला, आणि आमच्या वयाच्या माणसांनी हलत्या बोटीच्या ओल्या शिडीला भ्यावे.

माझे टिपण अखेर असे झाले. अंदमानला जावे. सेल्युलर जेल पाहावी, आणि पाहताना आपल्या ठाण्याच्या किल्ल्याची आठवण ठेवावी. बॅरनच्या बाबतीत, बेटावर उतरण्यास मुळात परवानगीच नाही, तेव्हा तो मोह आपोआप टळतो. सरकारी परवानगी असेल आणि बोट लांबूनच फिरणार असेल, तर ज्यांस इच्छा असेल त्यांनी जावे. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी नको म्हटले तर हुज्जत घालू नये, ओळखीपाळखी काढू नयेत आणि भरलेल्या पैशांकडे पाहू नये. सेंट पिएरमध्ये ज्यांनी घराकडे आणि मालाकडे पाहिले ते राहिले. अर्धा माल सोडून निघालेला कप्तान वाचला.

शेवटची सूचना मतदानाविषयी होती. आमच्या मंडळात सगळे ठराव हात वर करून होतात. हा ठराव तसा होऊ नये, असे मी सुचविले. शेजाऱ्याचा हात पाहून आपला हात वर जातो, आणि या बाबतीत ते घातक आहे. प्रत्येकाने घरी जाऊन, घरच्यांशी बोलून, बोटीवर जाणार की नाही एवढेच चिठ्ठीवर लिहून आणावे आणि कुणी कुणाला कारण विचारू नये. सूचना मान्य झाली. पुढच्या बैठकीत एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. तेरा जाणार, आठ किनाऱ्यावर थांबणार. गंमत म्हणजे पहिल्या बैठकीत जळता डोंगर पाहण्यासाठी सर्वांत मोठ्याने बोलणारे ते उत्साही गृहस्थ थांबणाऱ्यांत निघाले. ते त्यांनीच सांगितले, कुणी विचारले नव्हते. पत्नीचे नुकतेच शस्त्रक्रियेतून उठणे झाले आहे आणि तिला एकटीला हॉटेलात बसवून समुद्रात जाणे बरे दिसत नाही, असे ते म्हणाले. आणि ताई? त्या जाणार आहेत. "मैलभर लांबून ना? मग हरकत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

बेटावर जाण्याचे निर्णय इतिहासात पुष्कळ झाले. कुणी राज्यासाठी खाडी ओलांडली, कुणी हुकुमाने कोन मोजला, कुणी पंचवीस गुल्डनचे तिकीट काढले, आणि कुणाला बेड्या घालून न विचारताच नेले. यांतल्या शेवटच्यांचे स्मरण ठेवले तर उरलेल्यांच्या प्रश्नाचे मोल कळते. जावे की न जावे, असा प्रश्न आपल्यापुढे येतो, घरी बसून त्यावर विचार करावयास आठ दिवस मिळतात आणि 'नाही' असे लिहिलेली चिठ्ठीही मुकाट्याने स्वीकारली जाते, हे काही लहानसहान भाग्य नव्हे. ठाण्याच्या तुरुंगातून अंदमानला गेलेल्या माणसांच्या वाट्याला ते आले नव्हते. त्यांनी सोसले म्हणून आपल्याला निवड मिळाली. ती हौसेने उधळावयाची नाही आणि भयाने गुंडाळून ठेवावयाचीही नाही.